होडीसाठी जमवलेले शिकंजे

दिनकर,

परवा वखारीत एकटाच होतो. एका चौकटीचा गोंद लावलेला सांधा दाबून धरायला शिकंजा आवळत होतो आणि हात आपोआप थांबला. ‘बास, एवढंच,’ असं मोठ्यानं म्हणालो. समोर कुणी नव्हतं. तू असतास तर माझ्या हाताखालून दांडा ओढून घेऊन आणखी एक पीळ दिला असतास. गोंद सगळा बाहेर काढलास म्हणून मी चिडलो असतो. तू म्हणाला असतास, ‘ढिलं काम मला चालत न्हाई.’ आणि रेहाना मॅडम त्यांच्या कोपऱ्यातून चष्म्यावरून बघत म्हणाल्या असत्या, ‘झालं का सुरू?’

भांडायला माणूस लागतो. तू गेल्यापासून माझे सांधे अगदी माझ्या मनासारखे होतात, आणि मला ते आवडत नाहीत.

पेपरात तुझा गणवेशातला फोटो छापून आला. खाली फौजेतली वर्षं, गाडीदुरुस्तीचं काम, मागं कोण कोण आहे, सगळं होतं. फोटो माझ्याच स्टुडिओत फ्रेम झालेला. आपली ओळख त्यानंच झाली. कराडच्या बाजारात माझा स्टुडिओ होता तेव्हा, म्हणजे नुसता नावाला होता. मोबाइल आल्यावर फोटो काढायला कोण येतंय? दिव्यांवर चादरी टाकलेल्या, आणि मी रोज सकाळी सवयीनं शटर वर करून बसायचो. तू फ्रेम न्यायला आलास, आणि फोटोकडे न बघता फ्रेम उलटी केलीस. चारही कोपरे नखानं तपासलेस.

‘हे कशानं धरलं होतं?’

मी माझा पट्टा क्लॅम्प, पट्ट्याचा शिकंजा, दाखवला. चौकटीभोवती पट्टा गुंडाळायचा, चार कोपऱ्यांना चार गुटके, आणि एका चकतीनं ताण द्यायचा. तू तो हातात घेऊन वजन बघितलंस.

‘एवढंसं?’

‘एवढंसंच पुरतं.’

मग तू स्टुडिओभर नजर फिरवलीस. ‘दिवसाला किती गिऱ्हाईक येतंय?’ मी दिव्यांवरची चादर सरळ केली. तू म्हणालास, ‘विट्याच्या रस्त्याला माझ्या मेव्हण्याची बंद पडलेली वखार हाय. लाकूड हाय, जागा हाय. या.’

मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात तू मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिलास. इंजिन बंदही केलं नाहीस. ‘बसा,’ म्हणालास. तिसऱ्या भेटीत मला अरे-तुरे करायला लागलास. मलाही करायला लावलंस, ‘आवं-जावं केलं की करवत हालतीया,’ असलं काहीतरी कारण सांगून. दिनकर, त्या दिवसांत मी घरी कुणाशी धड बोलत नव्हतो. बायको विचारायची, आज कोण आलं होतं स्टुडिओत, आणि मी नावं बनवून सांगायचो. त्यातून तू मला बाहेर काढलंस. तुला ते कधी कळलं की नाही, माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

रेहाना मॅडम आपल्यात नंतर आल्या. गणित शिकवून निवृत्त झालेल्या, घरी लाकडी कोडी करायच्या, आणि करवतीच्या आवाजानं शेजारी वैतागलेले. त्या एक पिशवी घेऊन आल्या. पिशवीत डझनभर स्प्रिंगचे चिमटे. तू इतका हसलास.

‘मॅडम, कपडं वाळत घालायचं हाय का?’

‘दिनकरराव, तुमच्या लोखंडाखाली माझं कोडं ठेवलं तर पापड होईल त्याचा.’

तिथून पुढं तू त्यांना घाबरून असायचास.

तुझं सगळं अवजड. जुन्या बाजारातून उचललेले बिडाचे जी-क्लॅम्प, एक पायावर पडला तर महिनाभर लंगडशील असे. दाराएवढ्या फळ्या जोडायचे लांब शिकंजे, ते उचलायला दोघं लागायचो. मधे मी एफ-क्लॅम्प आणले, ज्यांचा जबडा पट्टीवर सरकवून झटकन बसवता येतो. तू त्यांना ‘पोरखेळ’ म्हणायचास आणि सगळ्यात जास्त तूच वापरायचास. वापरून जागेवर कधी ठेवायचा नाहीस. मी वैतागून माझ्या सगळ्यांवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारला. सोमवारी आलो तर भिंतीवरचा एकूण एक शिकंजा पिवळा. मॅडमचे चिमटेसुद्धा.

‘आता वळख,’ म्हणालास. ‘इथं तुझं-माझं न्हाई. ज्याला लागंल त्यानं घ्यायचं.’

मी दोन दिवस धुसफुसत होतो. पण खरं सांगू, त्यानंतर मला माझे कुठले हे आठवेनासं झालं आणि बरं वाटायला लागलं.

मग तो मोठा पूर आला. तुझी बहीण सुमनअक्का कृष्णाकाठच्या त्या मळ्यातल्या वस्तीवर राहते. चार-पाच घरं, जरा उंचवट्यावर, आणि चहूकडे ऊस. पाणी चढलं तशी माणसं बोटीनं बाहेर काढली. अक्का आली नाही. दावणीला तीन म्हशी होत्या, त्यांना सोडून ती येणार नव्हती. बोटवाल्यांचंही बरोबरच होतं. त्यांना माणसं आणायची होती, वैरण पोचवायला सवड कुठली?

आपण दोघं तुझ्या भाच्याबरोबर, संग्रामबरोबर, रस्ता जिथं पाण्यात जात होता तिथं उभे होतो. ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या. समोर वस्तीचे पत्रे दिसत होते, फार लांब नाही, शिट्टी मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. म्हशींचं हंबरणं ऐकू येत होतं. तू एक पेंढी उचललीस, पाण्याकडे गेलास, परत आलास, ट्रॉलीत ठेवलीस. परत उचललीस. मी तुला असा कधी पाहिला नव्हता. ज्याला कुठलीही गाडी चालू करता येते असा माणूस, आणि एक पेंढी त्याला पलीकडे नेता येईना.

पाणी उतरल्यावर वस्तीवर गेलो तेव्हा दावणीला दोनच म्हशी होत्या. अक्कानं चहा ठेवला. तू तो उभ्यानंच प्यायलास. परत येताना गाडीवर मागं न वळता म्हणालास, ‘होडी करायची.’

‘कुणी?’

‘आपण.’

‘दिनकर, मी फोटोच्या फ्रेमा करतो.’

‘मग ही मोठी फ्रेम समज.’

संग्रामनं मदत केली. तो सांगलीच्या शर्यतींत वल्हं मारलेला, त्याला होड्यांची जाण होती. पण शर्यतीची होडी अरुंद आणि चपळ. आपल्याला हवी होती पसरट, सपाट तळाची, पेंढ्या आणि चार माणसं घेऊन स्थिर राहणारी. मॅडमनी पुठ्ठ्याचा नमुना केला. पाण्यात टिकणारं प्लायवूड, आत सागाच्या फासळ्या, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या पुढं निमुळत्या होत एकमेकींना भेटतात तिथं वाकवायच्या. वाकवलेली फळी सोडली की सरळ व्हायला बघते. गोंद धरेपर्यंत तिला वीत-वीत अंतरावर दाबून ठेवायला हवं. मॅडमनी वीत मोजत मोजत दोन्ही बाजूंचा हिशेब केला आणि मग भिंतीकडे बघितलं. भिंतीवर होते त्याच्या तिप्पट शिकंजे लागत होते.

त्या महिन्यात तू माझी अब्रू घालवलीस. ज्याच्या दारात वेल्डिंगची ठिणगी दिसली त्याच्याकडे आपण थांबलो. ‘चार दिसांनी परत आणून देतो’ असं तू सांगायचास आणि फोटोवाला जामीन म्हणून मला पुढं करायचास. कराडातल्या एका फॅब्रिकेटरनं दोन दिले, एकाचा स्क्रू वाकडा. मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी लाकडाचे हातानं केलेले शिकंजे दिले आणि वर सुताची दोरी दिली. भोपळ्याला लोखंड लावत नाहीत, म्हणाले, दोरी गुंडाळून काठीनं पीळ द्यायचा, ती गोलाईवर सारखी बसते. तू तिथं मुकाट्यानं ऐकून घेतलंस. बाहेर आल्यावर म्हणालास, ‘हे घट्ट धरंल?’ मी म्हणालो, ‘पुरेसं धरेल.’ तू म्हणालास, ‘पुरेसं म्हंजी किती, ते सांग की.’

तरी कमीच पडत होते. मग मॅडमनी अक्काच्या बांधावर पडलेला पाइपलाइनचा जुना पीव्हीसी पाइप मागवला. त्याच्या बांगड्या कापल्या, प्रत्येक बांगडी एका जागी चिरली. फाकवून फळीच्या काठावर बसवली की कचकन धरते. चिमट्याचंच काम. तू एक बोटावर लावून बघितलीस आणि ओरडलास.

‘मॅडम, लय जोर हाय हिच्यात!’

‘कपडे वाळत घालायचे का आता?’ मॅडम म्हणाल्या.

चिकटवायचा दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. दोन डब्यांतलं मिसळून लावायचं ते इपॉक्सी, एकदा मिसळलं की थांबत नाही. तू पुढं, फळी छातीनं दाबून वाकवतोयस, मी मागून शिकंजे देतोय, संग्राम दोरी पिळतोय, मॅडम बांगड्या बसवत चालल्यात. ‘जी दे! मोठा न्हाई, त्यो वाकड्या स्क्रूचा! आरं हाताला लागंल त्यो दे!’ शेवटी टोकाला काहीच उरलं नाही तेव्हा तू सायकलची ट्यूब कापून तिच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्यास. मग आपण चौघं भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. होडी दिसतच नव्हती. नुसते शिकंजे, दोऱ्या, पांढऱ्या बांगड्या आणि काळी ट्यूब. मॅडमना हसू आवरेना. भिंत मात्र पूर्ण रिकामी, आणि प्रत्येक खिळ्याखाली आकार उमटलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी पोचलो आणि काढायला सुरुवात केली. तू आलास तोवर एक बाजू मोकळी झाली होती.

‘एवढ्या लवकर का काढलंस?’

‘वाळलंय. नखानं बघ.’

पुढं नदीच्या एका शांत डोहात चाचणी घेतली तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या तिसऱ्या फासळीपाशी पाणी झिरपलं. थोडंच. पण तुझा चेहरा! तू म्हणालास, मी शिकंजे लवकर काढले. मी म्हणालो, तू तिथं इतका पीळ दिलास की सांध्यात काही उरलंच नाही, सगळं बाहेर ओघळलं. आपण काठावर उभं राहून भांडलो आणि संग्राम होडीत बसून पाणी उपसत होता. तो सांधा आपण खरवडून परत भरला. दोष कुणाचा, हे मात्र राहिलंच.

चैत्रात होडीच्या काठाची पट्टी बसवायचं काम राहिलं होतं. ते तू एकट्यानं एका दुपारी केलंस. संध्याकाळी मी आलो, तू घरी गेला होतास. सवयीनं एका शिकंज्याला हात लावला, तर तो बोटांनी फिरला. मला वाटलं, हा एक राहिला असेल. पुढचा बघितला. त्याच्या पुढचा. सगळे सैल होते, दिनकर. तू लावलेला शिकंजा सोडवायला मला कायम दोन हात आणि शिव्या लागायच्या.

मग एका टोकापासून सुरू करून प्रत्येकाला तेवढा पीळ दिला, तू दिला असतास तेवढा. माझ्या मतानं जास्तच.

दुसऱ्या दिवशी तू आलास, पहिल्या शिकंज्याला हात घातलास. तो हलेना. तू माझ्याकडे बघितलंस. मी रंधा उचलून माझं लाकूड साफ करायला लागलो. मॅडम चष्म्यावरून बघून परत आपल्या कोड्याकडे वळल्या. त्या दिवशी तू चहाचे दोनच घोट घेतलेस.

वहिनींना दुखण्याचं तू वैशाखात सांगितलंस, तेही डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं नाव घेतल्यावर. मग सगळं भराभर झालं. तू घरी, पडवीत कॉटवर. मी रोज यायचो, आणि तू रोज होडीचं एकच विचारायचास.

‘रंग वाळला का?’

‘वाळला.’

‘आतनं?’

‘आतूनही.’

एकदा तू डोळे मिटून पडला होतास, मला वाटलं झोपलास. मी उठायला लागलो तर म्हणालास, ‘तू लवकर काढलंस.’

मी परत बसलो. ‘तू जास्त पिळलंस.’

‘बरं,’ म्हणालास. तुझ्या तोंडून ‘बरं’ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला ते अजिबात नको होतं. मी वाद पुढं चालवायचा प्रयत्न केला, फासळीचं काढलं, इपॉक्सीचं काढलं. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास आणि झोपलास. त्या हातात काही जोर नव्हता, तरी मी बराच वेळ हललो नाही.

तुझ्यानंतर वखारीचं काय, असा प्रश्न होताच. जागा तुझ्या मेव्हण्याची, आम्ही दोघं परके. तेरावं झाल्यावर वहिनी स्वतः आल्या. यापूर्वी त्या कधी आत आल्या नव्हत्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या, सगळं पिवळं बघून विचारलं, ‘यातलं त्यांचं कुठलं?’ मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. मी म्हणालो, ‘वहिनी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.’ वहिनींना आधी राग आल्यासारखं वाटलं, मग त्या हसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, ‘असंच करतात ते.’ करतात, म्हणाल्या. जाताना भावाशी बोलते म्हणाल्या, आणि बोलल्या. किल्ली माझ्याकडेच आहे.

आणि आता जे सांगायला बसलो ते.

श्रावणात कोयनेचं पाणी सोडलं आणि कृष्णा चढली. त्या मोठ्या पुराएवढी नाही. पण वस्तीचा रस्ता गेला, घरं कोरडी राहिली आणि सगळ्यांची जनावरं अडकली. संग्रामचा फोन आला, ‘मामा, होडी सोडतोय. येता का?’ तो तुला मामा म्हणायचा, आता मला म्हणतो. मला पोहता येत नाही हे तुला माहीत होतं, त्यालाही माहीत आहे. मॅडम म्हणाल्या, ‘जा तुम्ही. मी काठावर पेंढ्या भरते.’ तलाठ्यानं नारिंगी जाकिटं दिली होती, त्यातलं एक मला घट्ट बसत होतं.

पाणी शांत होतं, धारेचं नव्हे, फुगवट्याचं. उसाचे नुसते शेंडे वर, त्यांच्यामधून वाट. संग्राम मागं उभा राहून बांबूनं रेटत होता. मी पुढं बसलो, पेंढ्यांना पाठ लावून, डाव्या हाताच्या तिसऱ्या फासळीकडे बघत. अर्धी वाट होईपर्यंत मी दुसरीकडे बघितलंच नाही. बोटानं चाचपून बघितलं. कोरडं. संग्राम म्हणाला, ‘मामा, समोर बघा की, वजन एका बाजूला येतंय.’

मग समोर बघितलं. वस्तीचे पत्रे जवळ येत होते, म्हशींना वैरणीचा वास आला असावा, त्या दावी ओढायला लागल्या होत्या. अक्का गुडघाभर पाण्यात उतरून उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल, तुझं नाव घेईल. मी मनात काही शब्दही जुळवून ठेवले होते. तिनं होडीचा काठ धरला, ओढून चिखलावर घेतला, आणि वरच्या पेंढ्या चाचपल्या.

‘आवं दादा, ह्या भिजल्यात की. वर ताडपत्री न्हाई का टाकायची?’

‘घाई झाली, अक्का.’

‘घाई कशाला? म्हशी काय पळून चालल्यात?’

तिनं कोरड्या पेंढ्या निवडून आधी दुभतीला टाकल्या, मग शेजारच्यांना हाका मारल्या. त्यांची जनावरंही होतीच. बघता बघता होडी रिकामी झाली. अक्कानं मला पायरीवर बसवून भाकरी आणि तिखट दिलं. मी खात असताना ती होडीभोवती एकदा फिरली, आतून हात फिरवला, आणि परत येऊन माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

निघताना पाण्यात उतरून तिनं होडी ढकलली.

‘परत कवा येताय?’

‘उद्या सकाळी,’ मी म्हणालो. ‘ताडपत्री घेऊन.’

दिनकर, पाणी उतरेपर्यंत आम्ही रोज गेलो.